दूतावासातला आर्थिक संशोधक नेमकं काय करतो?

उत्तरवाट

परदेशातल्या नोकऱ्यांच्या धाग्यावर कोणीतरी विचारलं होतं की दूतावासांच्या जाहिरातींत 'इकॉनॉमिक रिसर्चर', 'मार्केटिंग ऑफिसर', 'कमर्शियल असिस्टंट' अशी पदं दिसतात, त्यात काम काय असतं? तिथे उत्तर लिहायला घेतलं तर अवांतर फारच वाढायला लागलं, म्हणून हा वेगळा धागा काढतेय. मी नेदरलँड्समध्ये हेगच्या भारतीय दूतावासात आर्थिक आणि वाणिज्य विभागात स्थानिक कर्मचारी म्हणून काही वर्षं काम केलं. आता दुसरीकडे आहे. गोपनीयतेचं बंधन नोकरी सोडल्यावरही सुटत नाही, त्यामुळे इथे लिहिलेलं सगळं उघड माहितीतलं आहे.

आधी एक-दोन गैरसमज. या नोकरीत राजनैतिक पासपोर्ट मिळत नाही आणि हेरगिरीशी तिचा काडीचाही संबंध नाही. १९६१ च्या व्हिएन्ना कराराच्या कलम ३ मध्ये दूतावासाची कामं सांगितली आहेत. यजमान देशात काय चाललंय ते कायदेशीर मार्गांनी समजून घेणं आणि आपल्या सरकारला कळवणं हे त्यातलं एक. आर्थिक संबंध वाढवणं हे दुसरं. संशोधकाचं सगळं काम या दोहोंत येतं.

दूतावासात दोन प्रकारची माणसं असतात. अधिकारी दिल्लीहून बदली होऊन येतात आणि साधारण तीन वर्षांनी जातात. आम्ही लोकल, तिथेच राहणारे. अधिकाऱ्याला देश कळायला लागतो तोवर त्याची पुढची बदली जवळ आलेली असते. अमुक कंपनीशी आधी काय बोलणं झालं होतं, अमुक खात्यात फोन कोण उचलतं, मागच्या मंत्र्यांच्या दौऱ्यात कोणतं आश्वासन दिलं होतं, हे लोकल माणसाच्या डोक्यात आणि फायलींत असतं.

सकाळ वाचनात जाते. 'फिनान्सिएले दागब्लाद' हे डच आर्थिक दैनिक, सांख्यिकी संस्था सीबीएसचे आकडे, मध्यवर्ती बँकेची पत्रकं, आणि सगळ्यांत महत्त्वाची म्हणजे मंत्र्यांची संसदेला गेलेली पत्रं. डच मंत्री खालच्या सभागृहाला धोरणाबद्दल सविस्तर पत्र लिहितात आणि ते जाहीरही होतं. वर्तमानपत्रात त्याची बातमी येते तेव्हा त्यातला निम्मा मजकूर गळलेला असतो. म्हणून मूळ पत्र वाचायचं, आणि डचमध्येच वाचायचं. सप्टेंबरच्या तिसऱ्या मंगळवारी अर्थसंकल्प मांडतात, त्याच दिवशी सीपीबी या सरकारी संस्थेचा आर्थिक अंदाज येतो. १९६९ मध्ये अर्थशास्त्राचं पहिलं नोबेल ज्यांना विभागून मिळालं ते यान टिनबर्गन या संस्थेचे पहिले संचालक. निवडणुकीआधी पक्ष आपले जाहीरनामे सीपीबीकडून तपासून घेतात, अमुक योजनेचा खर्च किती आणि रोजगारावर परिणाम काय ते आकड्यांत मांडून. आपल्याकडे असं काही असावं असं मला मनापासून वाटतं.

दुपारनंतर लेखन. दोन पानी टिपण, मंत्र्यांच्या भेटीसाठी ब्रीफ, बोलायचे मुद्दे, निर्यातदारांच्या पत्रांना उत्तरं. एक उदाहरण देते. २०२३ च्या जूनअखेरीस डच सरकारने चिप बनवायच्या प्रगत यंत्रांच्या निर्यातीला परवाना सक्तीचा केला, १ सप्टेंबरपासून. अशी यंत्रं बनवणाऱ्या एएसएमएल या डच कंपनीचं नाव सगळीकडे झळकलं. पण बातमी पुढे पाठवणं हे काही काम झालं नाही. कोणत्या जातीचं यंत्र अटीत येतं, कोणतं सुटतं, आणि भारतात जे चिप कारखाने उभे राहायचे आहेत त्यांना लागणारी यंत्रं कोणत्या बाजूला पडतात, हे राजपत्रातल्या तांत्रिक परिशिष्टात असतं. ते वाचून साध्या भाषेत अर्ध्या पानात मांडलं तर दिल्लीतल्या अधिकाऱ्याला उपयोग होतो.

आकड्यांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण या नोकरीचा जीव तिथे आहे. २०२३-२४ मध्ये भारताच्या मालाच्या निर्यातीत अमेरिका आणि अमिरातीनंतर तिसरा क्रमांक नेदरलँड्सचा होता, सुमारे २२ अब्ज डॉलर. लोकसंख्या सुमारे १.८ कोटी. एवढा चिमुकला देश इतका माल घेऊन करतो काय? मोठा वाटा डिझेल, विमानाचं इंधन अशा पेट्रोलियम पदार्थांचा. ते रॉटरडॅमला उतरतात आणि ऱ्हाईन नदीतल्या बार्जमधून, पाइपलाइनमधून आत जर्मनीकडे जातात. अर्थशास्त्रात याला 'रॉटरडॅम परिणाम' म्हणतात. आपली द्राक्षंही तशीच. नाशिकहून निघालेला कंटेनर भारताच्या खात्यात 'नेदरलँड्स' म्हणून लिहिला जातो, पण फळ खाल्लं जातं कोलोनमध्ये, आणि युरोपीय संघाच्या व्यापार आकड्यांत ते जर्मनीला नेदरलँड्सकडून आलेलं दिसतं. 'भारत-जर्मनी फळव्यापार किरकोळ आहे' असं कोणी आकडे बघून म्हणालं तर ते चूक ठरेल.

त्यात भारत निर्यातीची किंमत जहाजावर चढवेपर्यंतची धरतो, आयात करणारा देश भाडं आणि विमा मिळवून. मार्चमध्ये निघालेला माल तिकडे एप्रिलमध्ये नोंदला जातो. मालाचा एचएस कोड, म्हणजे सीमाशुल्कातला वर्गीकरण क्रमांक, सहा आकड्यांपर्यंत जगभर एक, त्यापुढे भारताचा आठ आकडी कोड वेगळा, युरोपचा वेगळा. दोन्ही देशांचे तक्ते शेजारी ठेवले की तफावत दिसणारच. ती कशाने आली हे एकेक करून सुटं करणं, हे तासन्‌तासांचं काम आहे. मला ते फार आवडायचं.

कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा, जमेल तसं लिहीन.

मृण्मयी_के

वाचतेय! अगदी हवा तो धागा. मी पुण्यात गोखले इन्स्टिट्यूटमधून एम.ए. करतेय, शेवटचं वर्ष. लग्नानंतर बहुतेक जर्मनीला जाणं होईल. तिथे अशा नोकरीसाठी काय लागतं? भाषा किती यावी लागते? आणि पगाराचं कसं असतं? थोडं लिहाल का ताई?

चांदोरीकर

माहिती चांगली लिहिलीत ताई. मी निफाड तालुक्यातला द्राक्षबागायतदार. प्रश्न जरा टोचेल, पण विचारतो. २०१० ला आमचे कंटेनर युरोपात अडकले. लिहोसिनचा अंश सापडला म्हणाले. वेलीची वाढ आटोक्यात ठेवायला आम्ही ते वर्षानुवर्षं वापरत होतो, कृषी सेवा केंद्रात सरळ मिळत होतं, शिफारशीही होत्या. इथल्या प्रयोगशाळेचा पास दाखला हातात असताना तिकडे माल नापास. निर्यातदाराने ठरलेला भाव दिला नाही, जो दिला तोही तुकड्यातुकड्यांनी. गावात त्या साली सोसायटीची कर्जं थकली, काही बागा तुटल्या त्या परत उभ्या राहिल्या नाहीत. एवढी माणसं परदेशात बसलेली असताना ही मर्यादा बदलल्याचं आधी कोणाला कळलं कसं नाही?

उत्तरवाट

चांदोरीकर दादा, प्रश्न टोचरा असला तरी रास्त आहे. त्या वेळी मी तिथे नव्हते, पण पुढे या प्रकरणाचे जाहीर कागद वाचले, ते सांगते.

युरोपात आधी प्रत्येक देशाच्या कीडनाशक-अंशाच्या मर्यादा वेगळ्या होत्या. ३९६/२००५ क्रमांकाच्या नियमाने त्या सगळ्या एकसारख्या केल्या आणि १ सप्टेंबर २००८ पासून तो पूर्ण लागू झाला. लिहोसिनमधलं रसायन म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड. द्राक्षासाठी त्याची मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम ठरली. आपल्याकडे अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेची ग्रेपनेट ही निर्यातीच्या द्राक्षांचा माग ठेवणारी यंत्रणा २००६ पासून चालू होती, पुण्याजवळच्या मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राच्या देखरेखीखाली नमुने तपासले जात होते. पण तपासायच्या रसायनांच्या यादीत हे नावच नव्हतं. यादीत नाही म्हणून इथे कोणी शोधलं नाही, तिकडच्या प्रयोगशाळांनी शोधलं आणि सापडलं. तुमच्या हातातला दाखला खोटा नव्हता, त्यात तो प्रश्नच विचारलेला नव्हता. नंतर ते यादीत आलं.

आता माझं मत. नियम गुपचूप बदलत नाहीत. युरोपच्या राजपत्रात छापून येतात, त्याच्याही आधी जागतिक व्यापार संघटनेला कळवावे लागतात आणि हरकतींसाठी सर्वसाधारणपणे ६० दिवस ठेवतात. अडचण अशी की परिशिष्टात शेकडो रसायनं आणि शेकडो पिकं असतात, आणि निफाडला कोणतं रसायन वापरतात हे हेगमध्ये किंवा ब्रसेल्समध्ये बसलेल्याला माहीत नसतं. ज्याला ते माहीत असतं त्याच्यासमोर राजपत्र नसतं. ही दोन टोकं जोडणं हेच आर्थिक संशोधकाचं सगळ्यांत मोलाचं काम आहे असं मी मानते. त्यासाठी त्याने नुसतं युरोप वाचून भागत नाही. आपल्याकडची फवारणीची वेळापत्रकं, छाटणीचे महिने हेही माहीत हवं. मी दर हंगामाआधी मांजरीची यादी आणि युरोपचा ताजा तक्ता ओळीने ताडून बघायचे. आणखी एक लक्षात ठेवा: ज्या रसायनासाठी त्या पिकावर वेगळी मर्यादा ठरवलेली नाही तिथे सरसकट ०.०१ मिलिग्रॅम लागू होते. म्हणजे यादीत नाव नाही याचा अर्थ मोकळीक असा होत नाही.

आणि कायदा पाळला म्हणजे झालं असंही नाही. जर्मनीतल्या काही सुपरमार्केट साखळ्या कायद्याच्या मर्यादेच्या एक तृतीयांशच अंश चालवून घेतात. शिवाय एका फळात एकूण किती रसायनं सापडली तर चालतील यावरही त्यांची अट असते. हे कुठल्याच राजपत्रात नसतं, खरेदीदाराकडूनच कळतं.

लेस्टरवाला

+१. मे २०१४ मध्ये इथे इंग्लंडात हापूस मिळाला नव्हता ते आठवलं. त्याच्या आदल्या वर्षी भारतातून आलेल्या फळं-भाज्यांच्या २०७ खेपांमध्ये फळमाशी आणि इतर किडी सापडल्या होत्या, म्हणून युरोपीय संघाने आंबा, वांगी, कारली, पडवळ आणि अळू बंद केलं. बंदी डिसेंबर २०१५ पर्यंत होती, पण आंब्यापुरती २०१५ च्या जानेवारीतच उठवायचं ठरलं. तोवर इथल्या भारतीय फळवाल्यांचा एक अख्खा हंगाम गेला होता.

सडेतोड

धागा माहितीपूर्ण आहे, पण एक शंका. युरोस्टॅट या युरोपीय संघाच्या सांख्यिकी संस्थेचे आकडे फुकट मिळतात, भारताचे वाणिज्य खात्याच्या साइटवर आहेत, डच पत्राचं भाषांतर यंत्र दोन सेकंदांत करतं, टिपणसुद्धा एआय लिहून देतं. मग करदात्यांच्या पैशातून परदेशात माणूस ठेवायचा कशाला? प्रामाणिकपणे विचारतोय.

उत्तरवाट

सडेतोड, शंका बरोबर आहे आणि ती दूतावासांतही विचारली जाते. भाषांतराचं आणि तक्ते काढायचं काम खरंच सोपं झालंय. ते वाईट नाही.

पण २०२४ चा द्राक्षहंगाम घ्या. तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले म्हणून बहुतेक कंपन्यांनी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घातला. प्रवास साधारण दोन आठवड्यांनी लांबला, भाडं वाढलं. मार्चच्या आकड्यांत याचा परिणाम काय दिसला हे कळायला मे-जून उजाडतो. तेव्हा हंगाम संपलेला असतो.

रॉटरडॅमजवळ बारेंड्रेख्त म्हणून गाव आहे. फळांच्या आयातदारांची शीतगृहं तिथे ओळीने आहेत. अशा एका शीतगृहात मी तपासनीसाबरोबर उभी होते. आत शून्याच्या आसपास तापमान, सगळ्यांच्या अंगावर जाड जाकिटं. त्याने पॅलेटच्या मधल्या थरातली पेटी ओढली, वरचा पॅड उचलला आणि आधी मण्यांकडे बघितलंच नाही. घडाचा देठ बोटांत धरला. हिरवा आहे की तपकिरी पडलाय, वाकवल्यावर लवतो की मोडतो. मग घड उलटा धरून हलकेच झटकला, किती मणी गळतात ते मोजलं. मग एक मणी चिरून ब्रिक्स म्हणजे गोडी, मग मापाच्या पट्टीतून मणी घालून अठरा एमएमचा आहे का ते. वहीत आकडे लिहिता लिहिता म्हणाला की गोडी आणि आकार चांगला आहे, पण इतके दिवस समुद्रात काढल्यावर देठ टिकत नाही. दक्षिण आफ्रिकेचा माल तिथेच शेजारी लागलेला होता, त्याला सुएझ लागतच नाही, त्याचा देठ हिरवागार. खरेदीदार दोन पेट्या शेजारी ठेवून बघतो, त्याला प्रवासाच्या कारणाशी घेणंदेणं नसतं.

त्या संध्याकाळी टिपणात मी एवढंच लिहिलं की यंदा अडचण भावाची कमी आणि देठाची जास्त आहे, त्यामुळे काढणीनंतरचं पूर्वशीतकरण आणि पॅकिंगमधला वेळ यावर निर्यातदारांना सावध करावं. हे कोणत्याही साइटवर नव्हतं. तिथे जाऊन, आयातदाराशी आधीपासून ओळख असल्यामुळेच ते कळलं. आणि ओळख व्हायला वर्षं लागतात. तुम्ही त्यांच्या प्रश्नांना वेळेवर उत्तरं दिलेली असली, त्यांची नावं कुठे फोडलेली नसली, तरच दार उघडतं.

चांदोरीकर

देठाचं अगदी बरोबर बोललात. त्या साली आमच्या पॅकहाउसवाल्याने ऐन हंगामात सांगितलं होतं की सकाळी दहाच्या आत काढणी आटपा आणि माल सावलीत थांबवू नका. का ते सांगितलं नव्हतं. आता उलगडा झाला.

चाणक्यपुरी_जुनी

मी या नोकरीची दुसरी बाजू लिहिते. दिल्लीत एका युरोपीय देशाच्या दूतावासात मी आर्थिक विश्लेषक होते, म्हणजे तुमच्या उलट, परक्यांना भारत समजावून सांगणारी. काम तेच. अर्थसंकल्पाच्या दिवशी भाषण संपायच्या आत पहिलं टिपण गेलेलं असावं अशी अपेक्षा असायची. त्यांच्या राजधानीत एकच प्रश्न: याचा आमच्या कंपन्यांवर काय परिणाम? सीमाशुल्काचं परिशिष्ट वाचल्याशिवाय त्याचं उत्तर देता येत नाही, आणि ते भाषणात नसतं.

काम मला मनापासून आवडत होतं. पण नव्याने येणाऱ्यांनी हे जाणून यावं. टिपण तुम्ही लिहिता, खाली सही दुसऱ्याची असते. दर तीन वर्षांनी नवा वरिष्ठ येतो आणि जीएसटी म्हणजे काय, राज्यं आणि केंद्र यांचे अधिकार काय, इथपासून पुन्हा सुरुवात. बढतीची शिडी जवळजवळ नसतेच, लोकल माणूस विभागप्रमुख होत नाही. माझा करार वर्षावर्षाने वाढवत राहिले आणि एके वर्षी खर्चकपातीत पद गेलं. एवढ्या वर्षांच्या कामाचं अनुभवपत्र तीन ओळींचं मिळालं, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

एक गोष्ट मात्र तिथे शिकले ती पुढे सगळीकडे कामाला आली. मोठ्या भेटीनंतर सामंजस्य करारांची यादी येते आणि सगळ्यांना ती गोड वाटते. दोन वर्षांनी त्यातल्या कशावर पैसा आला ते बघून लिहायचं, आकड्यांसकट, सौम्य शब्दांत. वरिष्ठाला ते आवडत नाही. तरी लिहायचं.

उत्तरवाट

ताई, शेवटच्या परिच्छेदाला शंभर टक्के सहमत. वाईट बातमी वेळेत आणि नेमकी सांगणारा माणूस दूतावासाला फार गरजेचा असतो. गोड बातम्या सांगायला बरेच असतात.

वकीलकाका

नोकरीच्या सुरक्षिततेचा विषय निघाला म्हणून कायद्याची बाजू मांडतो. व्हिएन्ना कराराचं कलम ३८ बघा. जो कर्मचारी यजमान देशाचा नागरिक आहे किंवा तिथे कायमचा राहतो, त्याला आपोआप विशेषाधिकार नाहीत, यजमान देश देईल तेवढेच. कलम ३३ प्रमाणे राजनैतिक अधिकाऱ्याने स्वतः अशा माणसाला कामावर ठेवलं तर त्याला मालक म्हणून स्थानिक सामाजिक सुरक्षेचे नियम पाळावे लागतात. करारावर सही करण्याआधी हप्ते कोण भरतं, पेन्शन कुठली, आजारपणाची रजा कोणत्या कायद्याने, हे लेखी मागा.

भांडण झालं तर? दूतावासावर खटला भरता येत नाही असा सरसकट समज आहे, तो पूर्ण खरा नाही. बर्लिनच्या अल्जेरियन दूतावासात महामदिया नावाचे चालक होते. त्यांना काढल्यावर प्रकरण लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयात गेलं आणि जुलै २०१२ मध्ये निकाल लागला की ज्याचं काम सार्वभौम सत्ता वापरण्याच्या स्वरूपाचं नाही, असा कर्मचारी स्थानिक न्यायालयात दाद मागू शकतो. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये बेनखरबूश प्रकरणात, लंडनच्या सुदानी दूतावासातल्या घरकामगार बाईंच्या बाजूने, साधारण त्याच दिशेचा निकाल दिला.

आर्थिक संशोधकाचं मात्र अवघड आहे. तो सरकारसाठी गोपनीय अहवाल लिहितो, त्यामुळे त्याचं काम सार्वभौम स्वरूपाचं आहे असा युक्तिवाद दूतावास करू शकतो. चालकापेक्षा त्याची बाजू कच्ची. म्हणून कामाचं वर्णन करारात स्पष्ट असलेलं बरं.

तोक्योतून

इथे जपानची एक पद्धत सांगण्यासारखी आहे. जपानचं परराष्ट्र खातं आपल्या दूतावासांसाठी 'सेनमोन चोसाइन' म्हणून तज्ज्ञ संशोधक घेतं. विद्यापीठांतले तरुण अभ्यासक, साधारण दोन वर्षांसाठी, त्या त्या देशाचं राजकारण किंवा अर्थव्यवस्था अभ्यासायला. अट जपानी नागरिकत्वाची, त्यामुळे आपल्यापैकी कोणाला अर्ज करता येणार नाही. पण यातले बरेच जण परत जाऊन प्राध्यापक होतात, आणि विद्यापीठांत त्या देशाची खरी जाण असलेली माणसं तयार होतात. आपल्याकडे गोखले इन्स्टिट्यूट, मुंबई विद्यापीठाचा अर्थशास्त्र विभाग इथल्या पीएच.डी.च्या मुलांना अशी दोन वर्षं मिळाली तर किती फरक पडेल!

उत्तरवाट

फारच चांगली सूचना. मलाही नेहमी वाटायचं की आमच्या टिपणांतलं ज्ञान फायलीत बंद होतं आणि विद्यापीठापर्यंत पोचत नाही.

मृण्मयी, तुझं उत्तर राहिलंच होतं. जाहिराती दूतावासाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर येतात, नोकरीच्या साइट्सवर क्वचित. त्या देशात राहायचा आणि काम करायचा परवाना आधीपासून हातात असेल तर अर्ज पुढे सरकतो, कारण लोकल पदासाठी व्हिसा काढून द्यायला सहसा कोणी तयार नसतं. एम.ए. पुरतं. भाषा मात्र वर्तमानपत्र न अडखळता वाचता येईल आणि फोनवर सरकारी खात्याशी बोलता येईल इतकी हवी, म्हणजे भाषापरीक्षेच्या बी-२ पातळीच्या आसपास. जर्मनला आत्तापासून लाग. पगार त्या दूतावासाच्या स्थानिक श्रेणीप्रमाणे. खासगी बँकेशी तुलना केलीस तर कमीच वाटेल.

लेखी परीक्षा बहुतेक ठिकाणी असते. एक विषय आणि थोडी कात्रणं देतात, आणि ठरलेल्या वेळात दोन पानी टिपण मागतात. इथे एम.ए.ची सवय आड येते. प्रबंधात आपण पार्श्वभूमीपासून सुरुवात करतो, सिद्धांत मांडतो, निष्कर्ष शेवटी. टिपणात पहिल्या तीन ओळींत काय झालं, आपल्याला त्याचं काय, आणि काय करावं हे आलंच पाहिजे. वाचणाऱ्याने तिथेच थांबून गाडीत बसावं आणि बैठकीला जावं, अशी तयारी.

सराव म्हणून एक विषय देते: '८ डिसेंबर २०२३ ला भारताने कांद्याची निर्यात बंद केली. डच कांदा व्यापारावर याचा काय परिणाम होऊ शकतो?' लिहून इथेच टाक.

मृण्मयी_के

बापरे, पण करते प्रयत्न! काल रात्री बसून लिहिलं. सुरुवात अशी केलीय:

'कांदा हे भारतातील महत्त्वाचे नगदी पीक असून महाराष्ट्रात नाशिक, अहिल्यानगर, पुणे हे जिल्हे त्यात अग्रेसर आहेत. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावले. ऑक्टोबरअखेरीस टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य ठरवले. त्यानंतर ८ डिसेंबरपासून निर्यातबंदी लागू झाली. ती ३१ मार्च २०२४ पर्यंत होती, पुढे वाढवली आणि ४ मे २०२४ ला ५५० डॉलर किमान मूल्य व ४० टक्के शुल्कासह उठवली...'

चांदोरीकर

तारखा सगळ्या बरोबर आहेत पोरी. त्या डिसेंबरात लासलगावला लिलाव बंद पाडले होते, शेतकरी रस्त्यावर उतरले होते. शुल्क पुढे सप्टेंबर २०२४ ला २० टक्के झालं आणि १ एप्रिल २०२५ पासून गेलं, तेही घाल.

उत्तरवाट

तारखा चोख आहेत, पण हा सगळा परिच्छेद टिपणाच्या शेवटी एका चौकटीत टाक. दिल्लीला स्वतःचे निर्णय माहीत आहेत. तू परदेशात बसली आहेस, तिथलं सांग.

वर हे यायला हवं. एक, नेदरलँड्स स्वतः जगातल्या सर्वांत मोठ्या कांदा निर्यातदारांपैकी आहे. भारताने हात काढला की जी गिऱ्हाइकं दुसरीकडे वळतात त्यातली काही त्यांच्याकडे येऊ शकतात. दोन, सरसकट 'फायदा झाला' असं लिहू नकोस. त्यांचा माल मुख्यतः पिवळा कांदा, आपला लाल. आखाती देश, श्रीलंका, मलेशिया इथली गिऱ्हाइकं आधी लाल कांदा शोधतात, म्हणजे पाकिस्तान, इजिप्त, चीन यांच्याकडेही बघावं लागेल. तीन, डच व्यापाऱ्यांना बंद-चालू बाजारपेठेची सवय आहे. त्यांचं मोठं गिऱ्हाईक पश्चिम आफ्रिका, आणि सेनेगल दरवर्षी आपल्या शेतकऱ्यांसाठी काही महिने कांद्याची आयात बंद ठेवतो. तो काळ आधी माहीत असतो म्हणून व्यापारी त्याप्रमाणे करार करतात. आपली बंदी रात्रीत येते, हा फरक टिपणात आलाच पाहिजे, कारण मलेशियाचा खरेदीदार पुढच्या वर्षीचा करार करताना हेच आठवतो.

मग आकडे. युरोस्टॅटवर एचएस ०७०३१० घे, नेदरलँड्सची निर्यात, महिन्यावार, देशावार. नोव्हेंबर २०२३ ते जून २०२४ आणि आधीच्या दोन वर्षांचे तेच महिने. मलेशिया, श्रीलंका, अमिरात वेगळे काढ. मूल्य आणि टन दोन्ही बघ, कारण नुसतं मूल्य वाढलं असेल तर तो भावाचा परिणाम असू शकतो. ०७०३१० मध्ये कांद्याबरोबर छोटे शॅलट कांदेही येतात, पुढच्या दोन आकड्यांवर ते वेगळे कर.

चांदोरीकर दादा, त्या आठवड्यांतले लासलगावचे रोजचे भाव तुमच्याकडे असतील तर हिला द्याल का?

चांदोरीकर

बाजार समितीचे सरासरी भाव वहीत लिहून ठेवतो मी. नोव्हेंबर ते मे काढून फोटो टाकतो उद्या. उन्हाळ कांदा वेगळा लिहिलाय, तो मिसळू नको.

मृण्मयी_के

खूप आभार काका, आणि ताई तुमचेही! तक्ते काढायला घेतलेत. शॅलटचा वेगळा कोड सापडला. टिपण नव्याने लिहून रविवारपर्यंत टाकते.